डावीकडची स्क्रीन

१

दिघीत मॅगझीन चौकातून आत वळलं की लष्कराच्या तारेच्या कुंपणाला लागून चारमजली इमारतींची एक रांग आहे. त्यातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत नवनाथ आणि तेजस्विनी राहायचे. नवनाथ चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता; पाळी फिरती. तेजस्विनी भोसरीतल्या एका लहानशा ऑफिससाठी मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायची. परांड्याहून नवनाथची आई, इंदुताई, राहायला आल्या आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तेव्हापासून तिनं ऑफिसला जाणं बंद करून हॉलमध्येच टेबल मांडलं होतं.

टेबलाच्या डाव्या हाताला भिंत आणि भिंतीत आतल्या खोलीचं दार. आत खिडकीपाशी इंदुताईंची खाट; कुणी हात धरल्याशिवाय त्यांना उठता यायचं नाही. उजव्या हाताला स्वयंपाकघर. दिवसभर तेजस्विनी मधोमध बसलेली. एक कान कुकरकडं, एक सासूकडं, आणि डोळे स्क्रीनवर. एकाच स्क्रीनवर मॉडेल, त्यावरच ड्रॉइंग, त्याच्याखाली मेल. सारखं हे झाक, ते उघड. संध्याकाळपर्यंत मान धरायची.

"तुला दुसरा मॉनिटरच लावून देतो," नवनाथ म्हणाला, आणि गुरुवारी कंपनीला सुट्टी होती तेव्हा सकाळीच भोसरीला जाऊन एहसानच्या दुकानातून एक वापरलेला मॉनिटर घेऊन आला. एहसान त्यांचा नेहमीचा कॉम्प्युटरवाला. वस्तू जुनी देईल, पण खोटी देणार नाही, असा त्याचा लौकिक.

नवनाथला असली कामं मनापासून आवडायची. त्यानं टेबल पुढं ओढलं, मागची धूळ पुसली, केबली सोडवून वेगळ्या केल्या, नवा मॉनिटर उजवीकडं ठेवला. पुस्तकं खाली घालून दोन्हींची उंची सारखी केली. मग खुर्चीत बसून सेटिंग उघडलं.

"हे बघ, एक्स्टेंड केलं. आता एक स्क्रीन संपली की दुसरी सुरू. माउस सरळ चालत जातो."

खरंच गेला. एका काचेच्या काठावरून दुसऱ्या काचेत, अडखळलासुद्धा नाही. तेजस्विनीला लहान मुलीसारखी गंमत वाटली.

सेटिंगमध्ये मॉनिटर चौकोनांनी दाखवलेले असतात. एक मधला, दोन उजवीकडचा. आणि एकच्या डावीकडं आणखी एक चौकोन होता. तीन.

"हा कुठला हो?"

"दाखवतं असंच कधी कधी," नवनाथ म्हणाला. कुठला कोणता ते कळावं म्हणून एक बटण असतं. त्यानं ते दाबलं. मधल्या स्क्रीनवर भला मोठा एक उमटला, उजवीकडच्यावर दोन.

आतल्या खोलीतून इंदुताईंचा आवाज आला. "तीन कशाचं रं, नवनाथ?"

"तीन नाही वाजले, आई. अजून अकरा पण नाहीत."

"बरं."

स्क्रीनवरचे आकडे विरले.

"गेलं," इंदुताई आतून म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडं बघून हसले. नवनाथनं सेटिंग बंद केलं.

२

पुढचे काही दिवस कामाला नुसता वेग आला. ऑफिसचे लोक खूश, मान दुखायची थांबली. एकच खोड होती. मधल्या स्क्रीनवरची एखादी खिडकी घाईत डावीकडं सारली, की ती काठावर थांबायची नाही. सरळ निघून जायची. माउसही तसाच. डाव्या काठाला गेला की दिसेनासा व्हायचा, आणि मग हात उजवीकडं ओढत राहिलं की बऱ्याच वेळानं परत उगवायचा. इतक्या वेळानं, की पलीकडं बरीच जागा असावी.

एकदा एका क्लॅम्पचं ड्रॉइंग असंच गेलं. खालच्या पट्टीत त्याचं नाव दिसत होतं, म्हणजे ते उघडंच होतं. पण कुठं? तिनं एहसानला फोन केला. तो मॅगझीन चौकात कुणाचा तरी प्रिंटर द्यायला आला होता, तसाच वर आला. उभ्या उभ्या त्यानं चार बटणं दाबली आणि ड्रॉइंग सुळकन मधल्या स्क्रीनवर आलं.

"कॉम्प्युटरच्या कार्डाला वाटतंय की डावीकडं पण काहीतरी लावलंय," एहसान म्हणाला. "होतं असं. खिडकी बंद नाही होत, भाभी. तिकडं चालूच असते. फक्त तुम्हाला दिसत नाही."

"तिकडं म्हणजे कुठं?"

एहसान हसला. "कहीं नहीं. तिकडं काही नाहीच ना." त्यानं तीन नंबरच्या चौकोनावर माउस नेला. "तोडून टाकू? तोडलं की तिकडचं जे काय असेल ते आपोआप इकडं येतं."

तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. एक मोठी फाइल तशीच उघडी होती, ती पाचपर्यंत पाठवायची होती. स्क्रीनशी खेळ करायची ती वेळ नव्हती. "आज राहू द्या," ती म्हणाली. "मी करते नंतर."

एहसान चहा घेऊन गेला. इंदुताईंनी आतून विचारलं, "त्यो पोरगा कोण गं आलता? हात लई झरझर चालत हुता त्याचा."

दार लोटलेलं होतं, आणि दार उघडं असतं तरी इंदुताईंना खाटेवरून टेबल दिसलं नसतं. शिवाय त्यांना जेवणाच्या ताटातली भाजी कुठली तेसुद्धा बोटानं चाचपून कळायचं. आवाजावरून म्हणत असतील, असं तेजस्विनीनं ठरवलं आणि फाइलला लागली.

३

नवनाथला शेवटचं कधी पाहिलं, हे तिनं पुढं पुष्कळदा आठवून पाहिलं. आठवायची ती एक दुपार. नवनाथ दुसऱ्या पाळीला निघायचा होता. त्यानं चहा केला, तिचा कप टेबलावर ठेवला आणि आईचा कप घेऊन तो तिच्या पाठीमागून आतल्या खोलीकडं चालला. ती मेल वाचत होती. मॉडेल बघायचं म्हणून तिनं मेलची खिडकी डावीकडं सारली. ती काठापलीकडं गेली. त्याच क्षणी नवनाथ दारातून आत गेला. त्याच्या निळ्या शर्टाची पाठ, कोपर, आणि बशीवर हिंदकळणारा कप. एवढंच.

त्यानंतर बरेच दिवस तिला काही जाणवलंच नाही. पाळीवाल्यांचे संसार असेच असतात. तो यायचा तेव्हा ती झोपलेली, ती उठायची तेव्हा तो कंपनीची बस पकडायला गेलेला. कामाच्या धबडग्यात घर खुणांवर चालतं. न्हाणीत ओला टॉवेल दिसायचा. डबा धुऊन पालथा घातलेला असायचा. फोनवर निरोप यायचे, 'दूध आणलंय', 'आईचं औषध संपत आलंय'. ती 'बरं' लिहायची. मध्ये आईच्या ऑपरेशनवरून दोघांची थोडी बोलाचाली झाली होती. तो म्हणत होता दिवाळीनंतर करू, ती म्हणत होती आत्ताच. त्यामुळं बोलणं कमी झालंय, याचंही तिला नवल वाटलं नाही.

मग गुरुवार आला. सुट्टी. तिनं मटण आणलं, कांदा-खोबरं भाजलं, घरभर वास सुटला. पण नवनाथ समोर येईना. आतल्या खोलीत त्याची गादी गुंडाळून ठेवलेली.

"हे कुठं गेले, आई?"

"कुठं म्हंजे?" इंदुताईंनी दाराकडं तोंड केलं. "आत्ता तर उठून गेला. तुज्या अंगावरनंच गेला की दारातनं."

तेजस्विनी दारातच उभी होती. दार अरुंद आहे. एक माणूस उभा असेल तर दुसऱ्याला अंग चोरून जावं लागतं.

"भांडलासा व्हय गं?" इंदुताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यो बी तेच इचारतोय. कुठं असती, दिसंना म्हनतोय."

म्हातारीचं डोकं फिरायला लागलं की काय, हा पहिला विचार. नवनाथ रुसून आईला असलं काहीतरी शिकवतोय, हा दुसरा. दुसरा बरा होता, म्हणून तिनं तो धरला. तिनं निरोप पाठवला, 'कुठं आहात?'

'घरीच.'

'चेष्टा पुरे. जेवायला या.'

'तूच सांग. सकाळपासून कुठं आहेस?'

ती चिडली. फोन गादीवर फेकून एकटीच जेवायला बसली. संध्याकाळी भांडी घासायला गेली तर पातेल्यातलं मटण निम्म्यावर आलं होतं, आणि मोरीत दुसरं एक ताट होतं. हाडं नवनाथ ठेवतो तशीच एका कडेला रचलेली.

४

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पाळीला होता. दुपारी सुटणाऱ्यांची बस मॅगझीन चौकात थांबते. काय राग असेल तो रस्त्यात उभं राहून मिटवायचा, घरी आईसमोर नको, असं ठरवून तेजस्विनी चौकात जाऊन उभी राहिली. ऊन लख्ख होतं. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, रिक्षावाले, शाळेतून परतणारी पोरं. सगळं जिथल्या तिथं.

बस आली. आधी जयसिंग उतरला. तो नवनाथच्याच खात्यात, दोघं रोज शेजारी बसून यायचे.

"वैनी? इकडं कुठं?"

"हे आलेत ना?"

"हा काय, माझ्यामागंच उतरला की." जयसिंग वळून हसला. "अरे नवनाथ, वैनी न्यायला आल्यात बघ. मजा आहे, भावा."

तो जिथं बघून बोलत होता तिथं कुणी नव्हतं. बसचं दार बंद झालं, बस गेली. जयसिंगची नजर हळूहळू सरकत तेजस्विनीच्या डाव्या खांद्यापाशी येऊन थांबली. तिथं तो कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा मान हलवत होता. मग त्याचं हसू मावळलं.

"काय झालंय तुमचं?" तो म्हणाला. "हा म्हणतोय, कुठायत वैनी. तुम्ही म्हणताय, हे कुठायत. शेजारी उभं राहून? बघत पण न्हाई एकमेकांकडं."

"जयसिंगभाऊ, खरं सांगा. हे इथं आहेत?"

जयसिंगनं तिच्याकडं पाहिलं, शेजारच्या रिकाम्या उन्हाकडं पाहिलं. त्याला वाटलं असावं की नवराबायकोच्या भांडणात आपण हकनाक सापडलो. "घरी जाऊन बोला, वैनी," तो ओशाळून म्हणाला. "रस्त्यात बरं दिसत न्हाई." आणि पिशवी खांद्याला लावून चालता झाला.

तेजस्विनीनं डावा हात बाजूला केला. हाताला काही लागलं नाही. पण वास आला. मशीनच्या तेलाचा, आणि त्यावर कंपनीतल्या साबणाचा. रोज त्याच्या मनगटांना यायचा तोच. तो वास चौकापासून घरापर्यंत तिच्या बरोबरीनं चालत आला. जिन्यात तिनं मुद्दाम थांबून पाहिलं. तोही थांबला.

५

घरात येऊन ती खुर्चीत बसली. फोन वाजला. नवनाथचा व्हिडिओ कॉल.

किती दिवसांनी तिनं त्याचं तोंड पाहिलं! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो रडत होता.

"तेजू, तू कुठंयस?"

"घरी. हॉलमध्ये."

"मी पण हॉलमध्येच आहे गं."

"मी खुर्चीत बसलेय, अहो. कॉम्प्युटरच्या."

 त्यानं फोन फिरवला. तिच्या हातातल्या फोनमध्ये तिचा हॉल दिसायला लागला. तोच पंखा, तीच कॅलेंडरची भिंत, टेबल, दोन मॉनिटर. टेबलासमोर तिची खुर्ची होती, पाठीला तिचीच ओढणी टाकलेली. खुर्ची रिकामी होती.

तेजस्विनीनं पाठीमागं हात नेला. ओढणी तिथं होती. तिनं ती ओढून मांडीवर घेतली. फोनमधल्या खुर्चीवरची ओढणी आपोआप घसरली आणि खाली पडण्याआधीच दिसेनाशी झाली.

"आई गं," नवनाथ म्हणाला.

आतून इंदुताई म्हणाल्या, "बोला, बोला. समोरासमोर बसून फोनवर काय बोलतासा?" तो आवाज तेजस्विनीला दारातून आला, आणि त्याच वेळी फोनमधूनही.

बऱ्याच वेळानं दोघं जरा सावरले. नवनाथ मेंटेनन्सचा माणूस. मशीन बंद पडलं की आधी शेवटचा बदल कोणता केला ते बघायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं तेच विचारलं, आणि दोघांच्याही तोंडातून एकच उत्तर आलं. तिनं सेटिंग उघडलं. त्यानंही त्याच्याकडं उघडलं.

"माझ्याकडं तीन नंबर डावीकडं आहे," ती म्हणाली. "आतल्या खोलीच्या बाजूला."

"माझ्याकडं उजवीकडं. दोनच्याही पलीकडं." तो म्हणाला. "स्वयंपाकघराच्या बाजूला."

एहसान काय म्हणाला होता ते तिनं सांगितलं. तोडलं की तिकडचं सगळं आपोआप इकडं येतं. खिडकी बंद नसते, फक्त दिसत नाही. सांगता सांगता तिचा आवाज उजळला. एवढी साधी गोष्ट, आणि आपण त्या दिवशी आळस केला.

"दोघांनी दाबायचं नाही," नवनाथ म्हणाला. "कुणीतरी एकानंच. नाहीतर मी तिकडं यायचो आणि तू इकडं."

"मी दाबते. तुम्ही नुसते बसा."

"आई तुझ्याकडं आहे ना?"

"आहे."

"मग तूच दाब."

६

तिनं तीन नंबरचा चौकोन निवडला आणि तो तोडायची आज्ञा दिली. दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या. हे नेहमीचंच, सेटिंग बदललं की क्षणभर होतं. पण या वेळी तो क्षण लांबला. व्हिडिओ थांबला, नुसता आवाज राहिला. पंखा चालू होता. बाहेर कुंपणापलीकडं कुठंतरी टिटवी ओरडत होती. फोनमध्ये नवनाथचा श्वास ऐकू येत होता.

मग स्क्रीन उजळल्या, आणि खिडक्या यायला लागल्या. हरवलेला मेल आला. त्यामागून जुनं एक ड्रॉइंग. मग आणखी, एकावर एक, भराभर. त्यातली काही तिची नव्हती. त्यात कसली तरी खोली काढलेली होती, वरून पाहिल्यासारखी. एक खाट, एक दार, दाराबाहेर एक टेबल. पुढच्या ड्रॉइंगमध्ये तेच, पण दार उघडं. वाचायला वेळ नव्हता, एक खिडकी येऊन दुसरीला झाकत होती. सेटिंगमध्ये आता दोनच चौकोन उरले.

"अहो, झालं! या ना!"

"थांब," नवनाथ फोनवर म्हणाला. "माझा पण तिसरा गेला. मी हात लावला नाही. तेजू, तू स्वयंपाकघरात आहेस का? भांडं वाजलं."

"नाही. मी खुर्चीत आहे."

"नाही गं, वाजलं. बांगड्या पण…" त्याच्या आवाजात एकदम असा आनंद आला, की तो तिनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. "आलीस! तेजू, आलीस बघ—"

फोन बंद झाला.

आणि तिच्या डावीकडं आतल्या खोलीचं दार आतून ओढलं गेलं. आत फक्त इंदुताई होत्या, आणि त्यांना उठता येत नव्हतं. दाराच्या फटीतून निळ्या शर्टाची बाही आली. हात नवनाथचा होता. अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा होता. बटण शोधत असल्यासारखा तो हात भिंत चाचपायला लागला. बटण दाराच्या उजवीकडं आहे, चार वर्षं तिथंच आहे. हात डावीकडं चाचपत होता. सावकाश, वरपासून खालपर्यंत, कुणी कधी न पाहिलेल्या घराची भिंत चाचपावी तसा.

"अगं, पाव्हनं आल्यात वाटतं," इंदुताई आतून म्हणाल्या.

७

त्याला सगळे नवनाथच म्हणतात. तो चाकणला कामाला जातो. चौकात जयसिंग भेटला तेव्हा म्हणाला, "मिटलं ना, वैनी? मी म्हणलं होतं ना." शेजारी म्हणतात, नवनाथभाऊ आताशा शांत झालेत. येताना तो कोथिंबीर आणतो, इंदुताईंचे पाय दाबतो. पाय दाबताना इंदुताई भिंतीकडं तोंड करून पडतात आणि तेजस्विनी जवळ गेली की कुजबुजतात, "पाव्हन्याला च्या दिला का? आन नवनाथ कवा यायचा गं?" जेवण कमी झालंय त्यांचं. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

बटणं त्याला आता सापडतात. तेजस्विनीशी तो नीट वागतो. कधी आवाज चढवत नाही, कधी काही मागत नाही. तिला मात्र त्याला 'अहो' म्हणता आलं नाही. ती नुसतं "जेवायला वाढलंय" म्हणते.

तिनं एहसानला बोलावलं होतं. त्यानं सगळं तपासलं, केबली काढून लावल्या आणि समाधानानं म्हणाला, "आता बरोबर आहे, भाभी. दोनच दाखवतंय."

"तो तिसरा परत जोडून द्या."

"कौनसा तिसरा?"

"जो होता तो. डावीकडचा."

एहसान तिच्याकडं बघत राहिला. "जे नव्हतंच ते परत कसं जोडणार, भाभी?" तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्या दिवशी चहा न घेताच गेला.

तिच्या नवनाथचे फोन येत होते. पहिला दुसऱ्याच दिवशी आला, दबक्या आवाजात. "तेजू, तू तिथंच आहेस ना?" "हो." दोघंही बराच वेळ रडले. व्हिडिओ लागत नव्हता. त्याच्याकडं आईची खाट रिकामी होती, आणि स्वयंपाकघरातून जी आली ती तिच्यासारखीच पोळ्या लाटत होती, तिच्यासारखीच मान चोळत होती. "फक्त ती झोपत नाही गं," तो म्हणाला. "डोळे मिटून पडते. पण झोपत नाही."

दुपारी ते बोलायचे. घरातला तो बाहेर असेल तेव्हा तेजस्विनी फोन करायची, तिकडची ती बाहेर असेल तेव्हा नवनाथ. कधी घरातल्या त्याचा फोन, नंबर तोच, विसरून टेबलावर समोरच राहिलेला असायचा. तो वाजायचा नाही, उजळायचा नाही, आणि तिच्या कानात नवनाथ बोलत असायचा. काय करता येईल यावर सुरुवातीला खूप बोलणं झालं. सगळं करून झालं. दोघांनी मॉनिटर काढून ठेवले, परत लावले, दुसरा कॉम्प्युटर आणला. तिनं परांड्याला जाऊन पाहिलं, तो तिकडच्या परांड्याला गेला. एकाच देवळाच्या ओट्यावर दोघं फोन कानाला लावून बसले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. बोलणंही आटत गेलं. आज काय जेवलीस, आईला बरं आहे का, एवढ्यावर आलं.

परवा दुपारी त्याचा फोन आला. तेजस्विनी टेबलाशीच होती. तो इतका हळू बोलत होता की तिला बोटानं दुसरा कान बंद करावा लागला.

"तेजू, आता फोन करत जाऊ नकोस."

"का?"

"तिला कळायला लागलंय. तुझा फोन आला की ती दारात येऊन उभी राहते. काही म्हणत नाही. नुसती उभी राहते, आणि तू जे बोलतेस ते तिचे ओठ बोलतात. आवाज न करता." मग त्यानं विचारलं, "तुझ्याकडचा काय करतो?"

तेजस्विनीला उत्तर द्यायचं होतं. पण खुर्चीच्या पाठीवर मागून कुणीतरी हात टेकले होते. केव्हापासून ते तिला कळलं नव्हतं. कंपनीतून यायची ही त्याची वेळ नव्हती. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास नव्हता. कसलाच नव्हता. समोरच्या काळ्या स्क्रीनच्या काचेत तिला तिच्या खांद्यावर वाकलेलं एक डोकं दिसत होतं. त्याचे ओठ हलत होते.

फोनमध्ये नवनाथनं दचकून श्वास घेतला. मग तोंड फोनपासून लांब नेऊन, रोजच्या घरगुती आवाजात, तो कुणाला तरी म्हणाला, "कुणी नाही गं. राँग नंबर."

फोन बंद झाला.

"कुणाचा होता?" तिच्या पाठीमागून विचारलं गेलं.

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"राँग नंबर," ती म्हणाली.